धनुष्याचे लाकूड: झाडाचे नाव नंतर, रेषा आधी

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या १७ व्या वर्षी कंपाउंड (म्हणजे टोकांना चाके बसवलेल्या आधुनिक) धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारात जगज्जेतेपद मिळवले आणि त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांमध्ये अव्वल ठरला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच खेळवला जाणार असल्याने धनुर्विद्येची चर्चा आता कोल्हापूरच्या तालमींपर्यंत आणि शाळांच्या मैदानांपर्यंत पोहोचली आहे. स्पर्धेचे साहित्य महाग असते, आणि काही जणांना तर मुळात आपल्या हाताने घडवलेल्या धनुष्यातूनच बाण सोडायचा असतो. अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो: लाकूड कोणते घ्यायचे?

उत्तरादाखल एखाद्या झाडाचे नाव ऐकायला मिळावे, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. नाव महत्त्वाचे आहेच. परंतु हातात आलेला तुकडा झाडाच्या कोणत्या भागातून, कशा रीतीने काढला, त्यातील धागे टोकापासून टोकापर्यंत अखंड आहेत का आणि तो किती वाळला आहे, या गोष्टी नावापेक्षा अधिक निर्णायक ठरतात. या धाग्यांच्या दिशेलाच लाकडाची रेषा म्हणतात. सामान्य जातीच्या सरळ रेषेच्या लाकडाचे धनुष्य वर्षानुवर्षे चालते, आणि नामांकित जातीच्या आडव्या रेषेच्या लाकडाचे पहिल्याच पूर्ण ताणाला मोडू शकते. असे का होते, हे समजून घ्यायचे तर धनुष्य वाकते तेव्हा आत काय घडते, तेथून सुरुवात करावी लागेल.

वाकताना लाकडाच्या आत काय घडते

धनुष्याची जी बाजू लक्ष्याकडे असते तिला पाठ म्हणू आणि जी बाजू धनुर्धराच्या तोंडाकडे असते तिला पोट. मुठीच्या वर आणि खाली वाकणारे जे दोन भाग असतात, त्यांना पाती म्हणू. एवढे तीन शब्द पुरेसे आहेत.

कापसाची जाड गादी मधोमध दुमडली, तर बाहेरच्या बाजूचे कापड ताणले जाते आणि आतल्या बाजूला आडव्या सुरकुत्या पडतात. पात्याचेही तसेच होते. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबले जाते, आणि दोहोंच्या मध्ये एक पातळ थर असा असतो, ज्यावर ताणही नसतो आणि दाबही नसतो. सर्वाधिक भार पृष्ठभागावर येतो, म्हणून धनुष्याचे भवितव्य पाठीच्या आणि पोटाच्या अगदी वरच्या काही मिलिमीटरवर ठरते.

हा भार किती असतो, याचा अंदाज सोप्या हिशेबाने करता येतो. १४ मिलिमीटर जाडीचे पाते ७० सेंटिमीटर त्रिज्येच्या कमानीत वाकवले, तर मधल्या थरापासून पृष्ठभाग ७ मिलिमीटर दूर असतो, म्हणून पाठ १ टक्का ताणली जाते आणि पोट १ टक्का दबते. आकडा लहान वाटतो, पण बहुतेक लाकडांच्या दृष्टीने ही सीमारेषाच असते. ती ओलांडली की दोनपैकी एक गोष्ट घडते: पाठीचे धागे तुटून धनुष्य मोडते, किंवा पोटाचे धागे चुरडून धनुष्याला कायमचा बाक बसतो आणि ते दोरी काढल्यावरही सरळ होत नाही. बाक बसलेले धनुष्य बाण फेकते, परंतु त्याचा जोर उतरलेला असतो.

रुंदी आणि जाडी यांचा परिणाम सारखा नसतो, हेही येथेच सांगायला हवे. रुंदी १० टक्क्यांनी कमी केली तर पात्याचा ताठपणा १० टक्क्यांनी घटतो. जाडी १० टक्क्यांनी कमी केली तर तो सुमारे २७ टक्क्यांनी घटतो, कारण ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. त्यामुळे दाब सोसण्यात कमजोर असलेल्या लाकडाचे पाते रुंद आणि पातळ ठेवून भार अधिक पृष्ठभागावर वाटून देता येतो. लाकडाच्या स्वभावाप्रमाणे धनुष्याचा आकार ठरवणे, ही या कलेची अर्धी विद्या आहे.

जगाने निवडलेली लाकडे

डेन्मार्कमधील होल्मेगार्ड येथील दलदलीत १९४४ साली सापडलेली धनुष्ये सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची आहेत आणि ती एल्म नावाच्या झाडाची आहेत. त्यांची पाती रुंद आणि चपटी आहेत. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळचे अर्धवट घडवलेले धनुष्य यू या झाडाचे होते. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे १५४५ मध्ये बुडालेले लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यावर मिळालेली शंभराहून अधिक लांब धनुष्येही यूचीच होती, आणि ती मात्र अरुंद व जाड आहेत.

यूचे रहस्य त्याच्या दोन थरांत आहे. सालीखालचे फिकट लाकूड ताण उत्तम सोसते आणि आतला तांबूस गाभा दाब उत्तम सोसतो. जुने कारागीर पाठीला फिकट थर आणि पोटाला गाभा येईल असाच तुकडा काढत असत, म्हणजे निसर्गानेच दोन पदार्थ जोडून दिलेले असत. उत्तर अमेरिकेतील ओसेज ऑरेंज हे तुतीच्या कुळातील झाड याच कामासाठी तेथील मूलनिवासी लोकांमध्ये प्रसिद्ध होते. त्याचे जड, पिवळे लाकूड विलक्षण दाब सोसते.

आपल्याकडेही विचार झालेला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत. त्यातला ताड पाहून नवल वाटण्याचे कारण नाही. ताडाच्या खोडाचा केवळ बाहेरचा काही सेंटिमीटरचा भाग दाट आणि चिवट असतो, आतला भाग भुसभुशीत असतो, आणि धनुष्याला तो बाहेरचा भागच हवा असतो. न्यू गिनीतील लोकही अशाच काळ्या ताडवर्गीय लाकडाची धनुष्ये करतात.

यू मिळवण्याच्या नादाला कोल्हापूरच्या माणसाने लागू नये. सह्याद्रीत ते नाही, आणि हिमालयात त्याची जी जात आहे ती संकटग्रस्त ठरलेली आहे.

रेषा पाहायला शिकणे

लाकूड म्हणजे लांबीच्या दिशेने एकमेकांना चिकटलेले असंख्य धागे. धाग्यांच्या दिशेने ओढले तर बहुतेक लाकडे दाबाच्या जवळजवळ दुप्पट ताण सोसतात. मग धनुष्ये पाठीकडून का मोडतात? कारण ही ताकद धागा अखंड असेल तरच मिळते. धागा पाठीवर तिरका येऊन संपला, तर त्या जागी ओढ धाग्यावर न येता दोन धाग्यांमधील चिकटपणावर येते, आणि तो फारच कमकुवत असतो. रेषा २० सेंटिमीटर लांबीत १ सेंटिमीटर सरकत असेल, तर वाकवताना मोडण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी कमी होते. १० मध्ये १ सरकत असेल तर जवळजवळ पाचव्या हिश्श्याने, आणि ५ मध्ये १ सरकत असेल तर जवळजवळ निम्म्याने. घराच्या चौकटीला हा फरक पचतो. धनुष्याला पचत नाही, कारण ते मोडण्याच्या सीमेजवळच वापरले जाते.

म्हणून शक्य असेल तर करवतीने कापलेली फळी न घेता ओंडका पाचर ठोकून फोडून घ्यावा. करवत रेषेची पर्वा न करता सरळ जाते. पाचर मात्र रेषेच्या मागे जाते आणि फुटलेला तुकडा वाकडा असला तरी त्याचे धागे अखंड राहतात. किंचित नागमोडी तुकड्याचे धनुष्य दिसायला वेडेवाकडे होते, पण टिकते. ओंडका फोडताना तो मळसूत्रासारखा पिळून फुटला, तर तो बाजूला ठेवावा.

फळीच घ्यावी लागली, तर चारही बाजू पाहाव्यात. समोरच्या बाजूवर रेषा सरळ आणि कडेवर तिरकी, असे हमखास असते, आणि विकणारा समोरचीच बाजू दाखवतो. रेषा नीट दिसत नसेल तर रंधलेल्या जागी शाईचा एक थेंब टाकावा. तो धाग्यांच्या दिशेने लांबट पसरतो. गाठ पाठीवर असेल तर फळी नाकारावी. मुठीच्या जागी, जेथे धनुष्य वाकत नाही, तेथे छोटी गाठ चालते.

सागासारख्या लाकडात वाढीची वलये स्पष्ट दिसतात. तेथे पाठ एकाच वलयावर ठेवण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे रंधा मारताना एका ठिकाणी एक वलय आणि पुढे दुसरे असे उघडे पडू देऊ नये. आपल्याकडच्या अनेक झाडांत वलये अंधूक असतात. तेथे साल काळजीपूर्वक काढून सालीखालचा मूळ पृष्ठभागच पाठ म्हणून ठेवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. त्या पृष्ठभागावरचा एकही धागा कापलेला नसतो.

कोल्हापूरच्या आसपास काय मिळते

या भागात लाकडाचे नावच सांगायचे झाले, तर मी आधी धामण सांगेन. सह्याद्रीच्या पानझडी जंगलांत वाढणाऱ्या या झाडाचे लाकूड चिवट आणि लवचीक असते. खांद्यावर भार वाहण्याच्या कावडी, टांग्याच्या दांड्या, कुऱ्हाडीचे दांडे अशा कामांसाठी ते पूर्वापार वापरले जाते, आणि धनुष्यासाठीही. कावडीची आणि धनुष्याची गरज एकच असते: वाकायचे, भार सोसायचा आणि पुन्हा सरळ व्हायचे. अवजारांचे दांडे करणाऱ्या सुतारांना हे लाकूड माहीत असते, आणि धनुष्याचे लाकूड विचारायचे तर फर्निचरवाल्यापेक्षा त्यांना विचारणे अधिक शहाणपणाचे आहे.

मात्र प्रत्यक्षात बहुतेकांच्या हाती सहज येणारे द्रव्य बांबू आहे, आणि त्याला दुय्यम मानणे अन्यायाचे होईल. भूतानची पारंपरिक धनुष्ये बांबूची असतात, जपानी धनुष्य बांबू आणि लाकूड जोडून केलेले असते, आणि आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतील ‘इंडियन राउंड’ हा प्रकार बांबूच्या धनुष्यानेच खेळला जातो. बांबूचे धागे बाहेरच्या बाजूला दाट आणि आत विरळ असतात. म्हणजे ताकद नेमकी धनुष्याला हवी तेथे, पाठीवर, एकवटलेली असते. त्याला वलये नाहीत, धागे पेरांखेरीज इतरत्र सरळ धावतात. भरीव किंवा जाड भिंतीच्या जाती घ्याव्यात: लाठीसाठी वापरला जाणारा मानवेल म्हणजे नर बांबू, कोकणात आणि घाटमाथ्यावर लावला जाणारा माणगा, आणि जाड भिंतीचा काटेरी कळक. माणगा जवळजवळ भरीव असतो. कळक फोडून त्याच्या रुंद पट्ट्या काढता येतात.

बांबूची निवड वयावर ठरते. कोंब काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, परंतु त्याच्या भिंती पक्व व्हायला तीन-चार वर्षे लागतात. कोवळा बांबू हिरवागार, गुळगुळीत आणि वाळल्यावर आक्रसणारा असतो. पक्व बांबूवर डाग, शेवाळाचे ठिपके दिसतात आणि ठोकल्यावर खणखणीत आवाज येतो. तोड पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात करावी. बांबूतील पिठूळ अंश त्या काळात कमी असतो, आणि भुंग्यांना हवा असतो तो तोच अंश. बुरूड कारागिरांकडून बांबू घेताना तो कधी तोडला, हे विचारावे. त्यांना ते सांगता येते.

बांबूची पातळ पट्टी पाठीला आणि जड लाकडाची पट्टी पोटाला, अशी एपॉक्सी या पक्क्या चिकटद्रव्याने जोडणी करणे हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो, कारण त्यामुळे यूमध्ये निसर्गाने केलेली व्यवस्था आपल्याला हाताने करता येते. येथे एक धोका आहे. बांबूची पाठ फार जाड ठेवली तर ती ताणलीच जात नाही, सगळा भार पोटावर पडतो आणि पोटाचे लाकूड चुरडते. म्हणून पट्टी तीन-चार मिलिमीटरपर्यंत पातळ करावी, आतल्या बाजूने; बाहेरची साल तासू नये आणि पेरांचे उंचवटे पूर्ण सपाट करू नयेत.

पोटासाठी तुती उत्तम. ती ओसेज ऑरेंजच्याच कुळातली आहे आणि भारतात हॉकीच्या काठ्यांसाठी वापरली जाते. रेशीमशेतीतील तुती झुडपासारखी छाटलेली असल्याने तिच्यात लांब तुकडा क्वचितच मिळतो. बांधावर मोकळी वाढलेली जुनी तुती शोधावी. धावडा आणि बाभूळ दोन्ही चिवट आहेत, पण सरळ, बिनगाठीचा सहा फुटी तुकडा मिळणे कठीण. सुपारीच्या जुन्या खोडाची बाहेरची पट्टीही प्रयोग करण्याजोगी आहे.

परवानगीचा प्रश्न

बांबू येथेही सोपा आहे. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. झाडांचे तसे नाही. साग, आंबा, फणस, खैर यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी ती तोडण्यावर महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्याचे नियमन आहे, आणि शहरातील झाडांना १९७५ चा स्वतंत्र कायदा लागू होतो. राधानगरी अभयारण्यातून किंवा चांदोलीच्या बाजूला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातून पडलेली फांदीही परवानगीशिवाय आणू नये. एका धनुष्याला हाताच्या मनगटाएवढ्या जाडीचा सहा फुटांचा तुकडा पुरतो. रस्त्याच्या किंवा विजेच्या तारांच्या कामासाठी अधिकृतपणे छाटलेल्या फांद्यांतून तो संबंधितांना विचारून मिळू शकतो.

‘टणक लाकूड म्हणजे मजबूत धनुष्य ना?’

हा समज फार खोलवर रुजलेला आहे. टणकपणा म्हणजे पृष्ठभागावर ओरखडा किंवा खड्डा न पडणे. धनुष्याला हवी असते ती वाकून परत येण्याची क्षमता. शिसव टणक, जड आणि देखणे आहे, पण त्याचे धागे वाढीच्या टप्प्यागणिक एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे कलत जातात. अशा गुंतलेल्या रेषेमुळे ते सरळ फुटत नाही आणि पाठीवर धागे तुटलेले राहतात. पोटाची पट्टी म्हणून त्याचा उपयोग होतो, एकट्याने धनुष्य करण्यासाठी नाही.

शिवाय वजनाचा प्रश्न आहे. दोरी सुटल्यावर धनुष्यातील शक्तीचा काही भाग बाणाला मिळतो आणि काही भाग पात्यांनाच पुढे फेकण्यात खर्च होतो. पात्यांची टोके जड असतील तर हा खर्च वाढतो. म्हणून जड लाकूड वापरल्यास पाती अरुंद ठेवावीत, हलके वापरल्यास रुंद, आणि दोन्ही प्रकारांत टोके शक्य तेवढी बारीक.

‘जुन्या वाड्याचे सागवान चालेल का?’

कोल्हापुरात जुने वाडे उतरवले जातात तेव्हा उत्तम सागवान वखारीत येते, आणि शंभर वर्षे वाळलेले लाकूड धनुष्याला आदर्श असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. साग वाळताना फारसा वाकत नाही, त्याला कीड सहसा लागत नाही, रेषा बहुधा सरळ असते. हे सर्व गुण दारांचे आणि तुळयांचे आहेत. वाकवल्यावर साग इतर चिवट लाकडांच्या मानाने लवकर मोडतो आणि अचानक बसणारे धक्के त्याला मानवत नाहीत. शिवाय जुन्या तुळईत खिळ्यांची भोके आणि शतकभराच्या भाराने पडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या आडव्या चिरा असू शकतात. तरीही सागच वापरायचा असेल, तर धनुष्य लांब ठेवावे, पाती दोन इंचांहून रुंद ठेवावीत आणि पाठीला बांबूची पट्टी जोडावी. २५ पौंडांच्या आतले, म्हणजे पूर्ण ओढायला त्याहून कमी जोर लागणारे धनुष्य त्यातून होऊ शकेल.

वाळवण आणि आपला पावसाळा

आपल्या भागात लाकूड निवडण्याइतकेच महत्त्वाचे असे जर काही असेल, तर ते वाळवणे. ओल्या लाकडाचे धनुष्य लगेच वाकते, पण तसेच राहते. ओंडका आणल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावावा, कारण ओल धाग्यांच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा १० ते १५ पट वेगाने बाहेर पडते आणि टोके आधी वाळून फुटतात. मग ओंडका फोडून तुकडे सावलीत, जमिनीपासून उंच, वारा लागेल असे ठेवावेत. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवावे. वजन घटणे थांबले म्हणजे लाकूड हवेशी जुळले.

पण कोणत्या हवेशी? हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल तर लाकडातील ओल सुमारे ७ ते ८ टक्क्यांवर स्थिरावते. ८५ टक्के असेल तर १७ ते १८ टक्क्यांवर. कोल्हापूरच्या मार्च-एप्रिलमध्ये आणि जुलै-ऑगस्टमध्ये नेमका एवढा फरक पडू शकतो, आणि गगनबावड्याच्या पावसाची तर गोष्टच वेगळी. धनुष्यासाठी ८ ते १० टक्के ओल चांगली. म्हणजे हिवाळ्यात तोडलेले लाकूड पुढच्या पावसाळ्याभर छपराखाली ठेवून त्यानंतरच्या उन्हाळ्यात घडवावे. घाई केल्यास फसगत होते. तेलाचा किंवा वॉर्निशचा लेप ओल शिरण्याचा वेग कमी करतो, तिला रोखत नाही, त्यामुळे भर पावसाळ्यात लाकडी धनुष्याला कमी विश्रांती देऊन जास्त ओढले तर त्याला बाक बसणारच.

ही अडचण जुन्या सैन्यांनाही होती. शिंग, लाकूड आणि जनावरांच्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचे) तंतू सरसाने जोडून केलेली संयुक्त धनुष्ये आखूड असूनही प्रचंड जोरदार असत आणि घोडेस्वारांच्या सोयीची होती, पण दमट हवेत सरस सुटे. भारतात पोलादी धनुष्ये तयार झाली, त्यामागे हेही एक कारण असल्याचे मानले जाते: ती जोरात कमी पडत, पण शस्त्रागारात कितीही पावसाळे टिकत.

‘कार्बनच्या काळात लाकूड कशाला?’

ऑलिंपिकचे पदक लाकडी धनुष्याने मिळणार नाही, हे खरे आहे. पण आधुनिक धनुष्याच्या कार्बन आणि काचतंतूंच्या थरांमध्येही अनेकदा मेपल किंवा बांबूचा गाभाच असतो, कारण हलकेपणा आणि ताठपणा यांचा असा मेळ सहज साधत नाही. शिवाय लाकडी धनुष्याचे स्वतःचे स्पर्धाप्रकार आहेत. आणि ज्या मुलाने स्वतः पाते तासले आहे, त्याला धनुष्याचा ताण कुठून येतो हे कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

पहिल्या धनुष्यासाठी

दोरी २८ इंचांपर्यंत ओढणाऱ्या प्रौढाने साधारण ५ फूट ८ इंच लांबी ठेवावी. लांब धनुष्य लाकडाच्या चुका पोटात घेते. मुठीजवळ पाते पावणेदोन ते दोन इंच रुंद आणि टोकाला अर्धा इंच असावे. २५ ते ३० पौंडांचे लक्ष्य ठेवावे. जाडी कानशीने थोडी थोडी उतरवावी, आणि दर वेळी दोरी थोडी ओढून दोन्ही पाती सारखी वाकतात का, हे भिंतीवरच्या रेघांसमोर पाहावे. जेथे पाते अधिक वाकते तेथे हात लावू नये. जेथे ताठ आहे तेथेच तासावे. पाती सारखी वाकेपर्यंत पूर्ण ताण देऊ नये, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि बाण लावल्याशिवाय दोरी कधीही सोडू नये, कारण बाणाला मिळायची शक्ती तेव्हा पात्यांतच फिरते आणि चांगले धनुष्यही त्याने फुटते.

पहिल्या महिन्यात दर वापरानंतर पोटावरून नख आडवे फिरवावे. गादीच्या सुरकुत्यांसारख्या बारीक आडव्या रेघा हाताला लागल्या, तर पोटाचे धागे त्या जागी चुरडू लागले आहेत. त्या जागेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड किंचित उतरवून वाकण्याचा भार तिकडे वाटून द्यावा आणि धनुष्य चार-पाच पौंडांनी हलके झाले तरी चालवून घ्यावे. पाठीवर मात्र धाग्याचे टोक उचललेले दिसले, तर दोरी त्याच क्षणी काढावी. छोटे टोक असेल तर पातळ सरस भरून त्यावर सुती दोरा घट्ट गुंडाळता येतो. चीर पाठीच्या रुंदीभर गेली असेल तर ते धनुष्य पुन्हा ओढू नये.